डॉ. वाल्डेमार हाफकिन

प्लेगची साथ आली म्हणजे घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहावे लागे, ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकली असेल. त्या रोगावर मुंबईत लस तयार करणाऱ्या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो. लस तयार करणे हे निम्मेच काम. ती गुणकारी आहे हे सिद्ध करणे हे उरलेले निम्मे, आणि तेच अधिक कठीण होय.

हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साध्या जागेवर राहिले व उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवू लागले. 1892 साली त्यांनी पटकीवर लस शोधून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. ऑक्टोबरात हाफकिन तेथे दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगी टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण अपाय झाला नाही.

परंतु लस निरुपद्रवी ठरली म्हणजे गुणकारी ठरली असे नव्हे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात नवे वाण पारखताना शेजारीच जुन्या वाणाचा वाफा ठेवतात. एरवी पीक वाणामुळे आले की पावसामुळे, हे कळावे कसे? हाफकिन यांनी हाच न्याय लावला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी पुढे आले त्यांस लस टोचली, बाकीचे तसेच राहिले. अन्न, पाणी व जागा सर्वांस एकच. न टोचलेल्यांत 12 जण आजारी पडून 6 दगावले. टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले. बंदिवानाची संमती खरोखर मोकळी असते काय, असा प्रश्न आज विचारला जातो, आणि तो रास्तच आहे.

तथापि जे आपण होऊन पुढे येतात ते मुळातच अधिक सशक्त असतील, ही शंका उरतेच. म्हणून 1898 साली बडोद्याजवळील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांसच लस टोचण्यात आली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी ती माणसे! ज्या घरांत रोग शिरला तेथील न टोचलेल्यांपैकी 27 जणांस प्लेग झाला व 26 मरण पावले. टोचलेल्यांपैकी 8 जणांस झाला व 3 मरण पावले. गावकऱ्यांची ही मोजदाद कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलकी होती.

पुढे दुर्दैव ओढवले. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांची लस एकाच बाटलीतील होती. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजेच हाफकिन यांच्यावर आला व त्यांस पदावरून दूर व्हावे लागले. परंतु गावी ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला, असे पुराव्यांत निघाले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. 1907 साली ते निर्दोष ठरले व कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाले. मधली पाच वर्षे मात्र कोणासही परत देता आली नाहीत.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. 1930 साली लोझान येथे त्यांचा अंत झाला.

आज नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची अशीच तुलनेने पारख होते, आणि भाग घेणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी लागते. ते काम पाहणारी माणसे कोठे झळकत नाहीत. त्यांच्या हाती असतात त्या फक्त नोंदवह्या. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे या मार्गास लागला, तर त्याने एवढेच ध्यानी धरावे: नोंदवहीतील प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरचे माणूस असते. तो आकडा आपल्या सोयीने कधीही बदलू नये.