गिजुभाई बधेका : वकिली सोडून बालमंदिरात

भारतातील बालशिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक गिरिजाशंकर ऊर्फ गिजुभाई बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ येथे झाला. उदरनिर्वाहासाठी ते १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि तीत त्यांचा जमही बसला.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांना भेडसावू लागला. त्या काळच्या शाळांत पाठांतर आणि छडी यांचेच राज्य होते. याच सुमारास इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ मध्ये ते भावनगर येथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि लवकरच त्यांनी वकिलीला कायमचा रामराम ठोकला. प्रारंभी त्यांच्याकडे मोठे विद्यार्थी होते; परंतु शाळेची धास्ती त्याआधीच मुलांच्या मनात रुजलेली असते, हे त्यांनी जाणले. १९२० मध्ये त्यांनी सहा वर्षांखालील मुलांसाठी बालमंदिर सुरू केले.

या बालमंदिरात परीक्षा, बक्षीस आणि शिक्षा यांना थारा नव्हता. अक्षरओळख होती, सक्ती नव्हती. गाणी, नाट्यप्रवेश, मातीकाम, बागकाम यांत मुले रमत. माँटेसरी यांना लहान वयातील परीकथांविषयी शंका वाटे. गिजुभाईंनी मात्र सौराष्ट्रातील लोककथा वर्गात आणल्या. गुरूपासून शिष्याने येथे घेतलेली फारकत मुलांच्या पथ्यावर पडली, असेच म्हणावे लागेल. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा पहिला प्रयोग फसतो आणि पुढे गोष्टीच त्याच्या मदतीला येतात. मिशा राखणाऱ्या या शिक्षकाला लोक मायेने ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

मुलांना लवकर लिहिते-वाचते करण्याची पालकांची घाई तेव्हाही होती. म्हणूनच त्यांनी पालकांसाठीही विपुल लेखन केले. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे वय आणि त्याआधी खेळातून शिक्षण, ही भूमिका राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये घेतली. बालमंदिराच्या स्थापनेला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

२३ जून १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, गिजुभाईंचे निधन झाले. भावनगर येथील त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र त्यांनी सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी होय.