फाळक्यांच्या घरातच घडला भारतीय सिनेमा!

चित्रकला, जादूचे प्रयोग आणि नाटक. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना लहानपणापासून या तिन्ही गोष्टींचं वेड होतं. वडील संस्कृतचे विद्वान, पण मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने फोटोग्राफीही शिकून घेतली.

मोठेपणी या छंदांनी पोट भरणं मात्र सोपं नव्हतं. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. नंतर कधी पुरातत्त्व खात्यात नोकरी, कधी छापखाना. 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. केळफा म्हणजे फाळके, उलट्या बाजूने!

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि आपले सगळे छंद एकाच जागी नांदू शकतात हे त्यांना दिसलं. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप कसं वाढतं हे त्यांनी थोडं थोडं करून चित्रित केलं. पडद्यावर झरझर वाढणारं रोप पाहून कर्ज द्यायला माणसं तयार झाली.

पुढे सारं घरच कामाला लागलं. दुसरी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कलाकार-कामगारांचा स्वयंपाक सांभाळला आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन सिनेमात लागला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आता वडिलांची जादू थेट कॅमेऱ्यातून दिसत होती.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. त्यांच्या त्या पहिल्या चित्रपटाच्या फिल्मला भोकं पाडणारे हात मात्र सरस्वतीबाईंचे होते.