ताराबाईंचे अंगण आणि आजचा वाचनपाठ

चौथीतील मूल धडा घडाघडा वाचून दाखविते. परंतु त्यात काय सांगितले आहे, असे विचारताच खाली मान घालते. हा अनुभव प्राथमिक शिक्षकांना नवा नाही. खारदांड्याच्या कोळीवाड्यातील ज्या घरांत अजूनही कोळी बोली कानी पडते, तेथील मुलाला पाठ्यपुस्तकातील ग्रांथिक मराठी परकी वाटण्याचा संभव अधिकच. त्याला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. आणि अर्थ कळला नाही, तर पुढे गणितातील उदाहरणही त्याला उमगत नाही. यावर उपाय शोधताना ताराबाई मोडक यांच्या चरित्राचे स्मरण उद्बोधक ठरेल.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मानाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालविला. तथापि माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी हे गाव गाठले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने शिंपले, खडे, बिया व पाने हीच तेथे शिक्षणाची साधने झाली. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीचा उगम तो हाच.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत, निराळीच अडचण आढळली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरली मुले घरी अडकून पडत. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली, तर गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला; १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलाला त्याच्या भावंडांपासून, बोलीपासून व परिसरापासून तोडून शिकविता येत नाही, हा या जीवनाचा बोध होय. वाचनपाठालाही तो लागू पडतो. चार-चार मुलांचे गट करावेत. एकाने उतारा वाचावा, दुसऱ्याने तो आपल्या बोलीत सांगावा, तिसऱ्याने प्रश्न विचारावा आणि चौथ्याने उत्तराचे वाक्य धड्यात शोधून दाखवावे. सोबत्याला समजावून सांगताना सांगणाऱ्यालाही अर्थाची जुळणी करावी लागते, आणि ऐकणाऱ्याला शंका विचारण्याचा संकोच उरत नाही.

अर्थात नुसते जवळ बसविल्याने हे साधणार नाही. हुशार मुलाने बोलावे व इतरांनी ऐकावे, असे होऊ नये म्हणून कामे आळीपाळीने बदलली पाहिजेत, आणि शिक्षकाने गटागटांतून फिरत राहिले पाहिजे. यात वेळ जाईल आणि वर्गात गलबलाही होईल. अभ्यासक्रम वेळेत संपविण्याची चिंता वाहणाऱ्या शाळांनी तो सोसावयास हवा. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली. आज अंगणातील संभाषण वर्गात आणले, तरच दांड्याच्या मुलाला धडा आपला वाटेल.