शेवाळाकडे बघणारे प्रीस्टली

जोसेफ प्रीस्टली यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडात झाला. धंदा धर्मोपदेशकाचा, पण नाद हवेचा. १७७१ साली मेणबत्ती विझलेल्या कोंदट हवेत त्यांनी पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली! १७७४ साली त्यांना ऑक्सिजन मिळाला.

मला मात्र पुढची गोष्ट जास्त आवडते. पाण्याच्या भांड्यात हिरवा थर धरला की आपण तो घासून टाकतो. प्रीस्टली तो बघत बसले. उन्हात त्यातून बुडबुडे निघाले, तेही ऑक्सिजनचे. तो थर म्हणजे शेवाळ! ऊन पाहिजेच, हे १७७९ मध्ये इंगेनहौझ यांनी नीट दाखवलं. माशांच्या टाकीतलं शेवाळ दिवसा हेच करतं, शिवाय माशांच्या घाणीतला अमोनिया खातं. रात्री मात्र तेच ऑक्सिजन ओढतं, म्हणून फार माजू द्यायचं नाही.

प्रीस्टलींनी फ्रान्सच्या क्रांतीची बाजू घेतली. लोक चिडले. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमला जमावानं त्यांचं घर अन् प्रयोगशाळा जाळली. किती वर्षांची टिपणं गेली असतील! १७९४ मध्ये ते अमेरिकेला गेले. नॉर्थंबरलँड या नदीकाठच्या गावी त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा मांडली. तिथंच १८०४ साली ते वारले.