अलेक्झांडर गिब्सन

डॉ. अलेक्झांडर गिब्सन (२४ ऑक्टोबर १८०० – १६ जानेवारी १८६७) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. १८३८ ते १८४७ या काळात ते पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते, तर १८४७ ते १८६० या काळात त्यांच्याकडे वनसंरक्षकपद होते. डोंगरावरील जुने जंगल तुटले की त्याखालचे बारमाही झरे व ओढे आटतात आणि कोकणातील खाड्यांमध्ये गाळ साचतो, हे निरीक्षण त्यांनी सरकारी अहवालांतून मांडले. जंगल आणि पाणी यांचा संबंध भारतात राज्यकारभाराचा विषय होण्यास ज्यांचे लेखन कारणीभूत ठरले, त्यांत गिब्सन यांची गणना होते. त्यांच्या धोरणामुळे वनांचे काही प्रमाणात रक्षण झाले. मात्र त्याच धोरणाने जंगलावर जगणाऱ्या लोकांच्या वहिवाटीवर बंधने आणली.

प्रारंभिक जीवन

गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायर परगण्यात झाला. त्यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी औषधे मुख्यतः वनस्पतींपासून तयार होत असल्यामुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकावे लागे. कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सकांपैकी अनेक जण पुढे वनस्पती उद्यानांचे अधीक्षक अथवा वनाधिकारी झाले, त्यामागे हे एक कारण होते. ह्यू क्लेगहॉर्न हे मद्रास इलाख्यातील असेच उदाहरण होय. गिब्सन १८२५ साली कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

लसीकरणाची कामगिरी

देवीची लस मुंबईत १८०२ साली आली आणि हळूहळू इलाख्याच्या अंतर्भागात नेण्यात आली. १८३० च्या दशकात दख्खन व खानदेश भागातील लसीकरणाचे काम गिब्सन यांच्याकडे आले. या कामासाठी गावोगाव फिरावे लागे आणि लस टोचून घेण्यास लोकांचे मन वळवावे लागे. गिब्सन यांनी मराठी, गुजराती व हिंदुस्थानी या भाषा अवगत केल्या. या भ्रमंतीत त्यांना सह्याद्रीच्या पूर्व उताराची आणि खानदेशच्या डोंगराळ भागाची जवळून ओळख झाली. झाडांची स्थानिक नावे, त्यांचे औषधी उपयोग, पिके आणि जंगलाची स्थिती यांविषयीची त्यांची जाण याच काळात तयार झाली.

दापोडीचे वनस्पती उद्यान

पवना नदीकाठच्या दापोडी येथे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ साली, सरकारी वनस्पती उद्यान सुरू करण्यात आले होते. १८३८ साली गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. जुन्नरजवळील हिवरे येथील उद्यानाची देखरेखही त्यांच्याकडे होती.

या उद्यानांमध्ये परदेशी फळझाडे व व्यापारी पिके येथील हवामानात वाढतात का, याचे प्रयोग केले जात आणि त्यांची रोपे व बी-बियाणे वाटले जाई. सरकारी रुग्णालयांना लागणारी काही औषधे विलायतेहून मागवण्याऐवजी येथेच पिकवून तयार करावीत, यावर गिब्सन यांचा भर होता. सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींचा त्यांत समावेश होता.

मुंबईचे टपाल अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली होती. ग्रॅहम यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले हे काम जोसेफ निम्मो यांनी पुरे केले आणि सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. या सूचीसाठी माहिती पुरवणाऱ्यांमध्ये गिब्सन होते.

दापोडीतील वनस्पतींची रंगीत चित्रे गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. १८४७ ते १८५० या काळातील हा संग्रह आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे. हेन्री नोल्टी यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञात राहिले आहे.

वनसंरक्षकपद

मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात. ओक लाकडाची टंचाई भासू लागल्यावर ब्रिटिश नौदलाचेही लक्ष पश्चिम किनाऱ्यावरील सागाकडे वळले. मलबारमधील सागाच्या पुरवठ्यासाठी कॅप्टन वॉटसन यांची १८०६ साली वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. परंतु सरकारी मक्तेदारीमुळे जमीनमालक व व्यापारी यांच्यात असंतोष वाढला आणि १८२३ साली हे पद रद्द करण्यात आले. त्यानंतर सुमारे दोन दशके पश्चिम किनाऱ्यावरील वनांवर फारसे नियंत्रण उरले नाही. या काळात किनाऱ्यालगतची आणि नद्यांतून लाकूड वाहून नेता येईल अशा ठिकाणची जंगले वेगाने तुटली.

१८४० च्या दशकात मुंबई सरकारने वनांची पाहणी सुरू केली आणि १८४७ साली गिब्सन यांच्याकडे वनसंरक्षकपद सोपवले. क्लेगहॉर्न यांची मद्रास इलाख्यातील नेमणूक १८५६ सालची, तर डीट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय वनखाते १८६४ सालचे आहे. त्यामुळे मुंबई इलाख्यातील ही व्यवस्था भारतातील आधुनिक वनप्रशासनाचा आरंभीचा टप्पा मानली जाते.

गिब्सन यांच्या अधिकारक्षेत्रात गुजरातच्या डोंगराळ भागापासून कोकण, खानदेश, पुणे, बेळगाव व धारवाडपर्यंतची वने येत होती. प्रदेशाच्या मानाने कर्मचारी थोडे होते. तोडीवर नियंत्रण, सागाची लागवड, परवान्यांची पद्धत आणि वार्षिक अहवाल ही कामाची मुख्य अंगे होती. १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतर रुळांखालील स्लीपरांसाठी व जळणासाठी लाकडाची मागणी वाढली आणि वनखात्यावरील ताणही वाढला.

जंगल आणि ओढे यांविषयीची निरीक्षणे

वने राखण्यामागे सरकारचा मुख्य हेतू सागवानाचा पुरवठा हा होता. गिब्सन यांनी त्याला पाण्याची जोड दिली. दक्षिण कोकणात जेथे डोंगरउतार उघडे पडले, तेथे पूर्वी बारमाही वाहणारे ओढे पावसाळ्यानंतर लवकर कोरडे पडू लागले आणि विहिरी-झऱ्यांचे पाणी कमी झाले, असे त्यांनी नोंदवले. उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहून खाड्यांमध्ये साचते आणि नौकानयनास अडथळा होतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कोकणातील व्यापार खाड्यांतील बंदरांवर अवलंबून असल्यामुळे हा मुद्दा सरकारच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

या विचाराला युरोपीय विज्ञानाची पार्श्वभूमी होती. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी घटण्याचा संबंध भोवतालच्या जंगलतोडीशी जोडला होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी त्याच सरोवराचा पुढे अभ्यास केला. भारतात एडवर्ड बाल्फोर यांनी १८४० च्या दशकात झाडे, पाऊस व ओलावा यांविषयीची माहिती संकलित केली. ब्रिटिश असोसिएशनच्या १८५१ सालच्या अधिवेशनात उष्ण कटिबंधातील वनांच्या नाशाच्या परिणामांवर क्लेगहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांच्या समितीने अहवाल सादर केला.

गिब्सन यांच्या निष्कर्षांचा आधार प्रवासातील पाहणी आणि स्थानिक लोकांच्या आठवणी हा होता. ओढ्यातून दररोज किती पाणी वाहते, त्याबरोबर किती माती व कोणते क्षार जातात, याची वर्षानुवर्षे मोजणी करण्याची सोय त्या काळात नव्हती. शिवाय ओढ्यांचा प्रवाह आणि पर्जन्यमान हे दोन वेगळे प्रश्न त्या काळच्या लेखनात पुष्कळदा एकत्र मिसळलेले दिसतात.

फिरती शेती आणि लोकांचे हक्क

सह्याद्रीच्या उतारांवर जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरीसारखी पिके घेण्याची आणि काही वर्षांनी दुसरीकडे जाण्याची पद्धत होती. दक्षिणेत तिला कुमरी, तर कोकणात दळी म्हणत. गिब्सन यांच्या मते जंगलाच्या नाशाचे हे एक प्रमुख कारण होते. त्यांच्या कारकिर्दीत या शेतीवर बंधने आली.

या धोरणाचा भार मुख्यतः डोंगरउतारावर राहणाऱ्या गरीब जमातींवर पडला. जहाजबांधणी, लोहमार्ग आणि शहरांची सरपणाची गरज यांमुळेही जंगल तुटत होते. परंतु त्या मागणीला आळा घालणे वनखात्याच्या आवाक्याबाहेर होते. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनंतर निर्बंध अधिक कडक झाले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत गुरचराई, सरपण आणि भातरोपांच्या राबासाठी लागणारा पाला-फांद्या यांवरून असंतोष वाढला आणि १८८५ साली मुंबई सरकारला या तक्रारींच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्याच्या जाचावर टीका केली. डोंगरावरील कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यांत वाहून वाया जाऊ नये, ते शेतांत मुरावे, यासाठी ताली व बंधारे घालावेत, असेही त्यांनी त्यात सुचवले. जंगलातून पाण्याबरोबर काय वाहून जाते, हा प्रश्न येथे वनाधिकाऱ्याच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या बाजूने मांडला गेला.

लेखन

गिब्सन यांचे १८४९-५० ते १८५५-५६ या वर्षांचे वन अहवाल १८५७ साली एकत्रित प्रसिद्ध झाले. निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्यासमवेत त्यांनी तयार केलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ साली मुंबईत छापला गेला. पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासात तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मुंबई इलाख्यातील वनांविषयीची त्यांची मार्गदर्शिका १८६३ साली प्रसिद्ध झाली.

निवृत्ती व मृत्यू

गिब्सन १८६० साली निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले. त्यांच्यानंतर वनसंरक्षकपदाची सूत्रे डाल्झेल यांच्याकडे आली. दापोडीचे उद्यान १८६५ साली बंद झाले आणि त्याचे कार्य पुढे गणेशखिंड येथील उद्यानाने चालवले. १६ जानेवारी १८६७ रोजी गिब्सन यांचे निधन झाले.

निरीक्षणांची नंतरची पडताळणी

गिब्सन यांनी मांडलेल्या प्रश्नाची मोजमापाने तपासणी विसाव्या शतकात सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील एमेंटाल खोऱ्यात एक दाट जंगलाचे आणि एक बव्हंशी कुरणाचे अशी दोन लहान पाणलोट क्षेत्रे निवडून त्यांतील ओढ्यांचा प्रवाह सातत्याने मोजण्यात आला.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक येथे १९६३ पासून ओढ्यांच्या पाण्याचे नियमित रासायनिक पृथक्करण सुरू झाले. १९६५ च्या हिवाळ्यात तेथील एका पाणलोट क्षेत्रातील सर्व झाडे तोडण्यात आली आणि तणनाशक फवारून पुढील वाढही रोखण्यात आली. त्यानंतर ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. त्याबरोबर कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखी पोषकद्रव्येही मोठ्या प्रमाणावर वाहून गेली. जिवंत जंगल ही द्रव्ये मुळांवाटे पुन्हा शोषून घेते. झाडे नाहीशी होताच ती पाण्याबरोबर निसटतात. तोडीपूर्वीच्या नोंदी आणि शेजारच्या न तोडलेल्या जंगलातील ओढ्याच्या नोंदी हाताशी असल्यामुळेच हा फरक दाखवता आला.

याच प्रयोगात तोडीनंतरच्या पहिल्या वर्षी ओढ्याचा एकूण प्रवाह सुमारे ३९ टक्क्यांनी वाढला, कारण झाडांच्या पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन थांबले होते. यावरून तोडीने एकूण पाणी नेहमी कमी होते, असे म्हणता येत नाही. मात्र चराई, धूप अथवा वारंवार जाळल्याने जमीन घट्ट झाली, तर पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वेगाने वाहून जाते आणि उन्हाळ्यातील प्रवाह घटतो. गिब्सन यांनी कोकणात पाहिलेले दृश्य या दुसऱ्या प्रकारात बसते. गाळाविषयीचे त्यांचे निरीक्षण धूपविषयक संशोधनाशी सुसंगत आहे. जंगलतोडीचा पर्जन्यमानावरील परिणाम मात्र तुलनेने अधिक गुंतागुंतीचा ठरला आहे.

वारसा

आजच्या महाराष्ट्राचा पूर्व भाग गिब्सन यांच्या अखत्यारीत नव्हता. भंडारा परिसर १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि १८६१ साली तो मध्य प्रांतात गेला. तरीही त्यांचा प्रश्न तेथेही लागू पडतो. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, तसेच पूर्वी याच जिल्ह्यात असलेला व आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारा नवेगाव बांध, हे डोंगर-जंगलातून येणाऱ्या पाण्यावर भरतात. पाणलोटातील जमिनीची धूप झाली की तिचा गाळ तलावाच्या तळाशी साचतो आणि साठवणक्षमता घटते.

इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी वसाहतकालीन पर्यावरणविचाराच्या अभ्यासात गिब्सन यांच्यासारख्या वैद्यक-वनस्पतिशास्त्रज्ञांना महत्त्वाचे स्थान दिले आहे. ओढ्याच्या पाण्यावरून जंगलाची स्थिती ओळखता येते, ही त्यांची दृष्टी पुढील विज्ञानाने अधिक काटेकोर केली. त्याच निरीक्षणाच्या आधारे जंगल कोणी वापरावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र सरकारकडे एकवटला, आणि त्यातून निर्माण झालेला वनहक्कांचा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातही कायम राहिला. २००६ सालच्या वनहक्क कायद्यात या ऐतिहासिक अन्यायाची दखल घेण्यात आली.