खराट्यामागचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांची डिग्री ज्या विद्यापीठाची, त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. तिकडे अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं. एनएसएसच्या कॅम्पला गेलेल्या प्रत्येकानं बाबांच्या फोटोला हार घालताना पाहिलंय आणि नंतर खराटा हातात धरून फोटोही काढलाय. बाबा म्हणजे खराटा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण बाबांचं आयुष्य नीट पाहिलं तर खराट्याइतकीच मोठी आणखी एक गोष्ट दिसते. सगळ्यांच्या सोयीचं काम करायचं तर पैसा कोणी द्यायचा? ज्याच्याकडे पैसाच नाही, त्याला बाहेर ठेवायचं का? आज नवेगाव बांध असो की अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, सांडपाण्याच्या नालीचा विषय निघाला की याच प्रश्नापाशी यावं लागतं. बाबांनी तो शंभर वर्षांपूर्वी हाताळला होता, तेही शाळेची पायरी न चढता.

देबूनं पाहिलेलं कर्ज

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखुबाई जानोरकरांच्या घरी देबूजीचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले तेव्हा देबू लहान होता. आई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरेला माहेरी आली. मामाकडे देबूनं गुरं राखली, नांगर धरला. मामांची शेती सावकाराच्या कचाट्यात कशी सापडते, हे त्यानं तिथंच पाहिलं. गरिबाच्या घरावर एक मोठा खर्च आला की पुढची कित्येक वर्षं तो फेडण्यात जातात, हा धडा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

म्हणूनच मुलीच्या बारशाला त्यानं जातीची रीत मोडली. मटण आणि दारूचं जेवण घालायचं सोडून गोडाचं साधं जेवण दिलं. लोक नाराज झाले, पण तो हटला नाही. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनात हेच सांगत राहिले, की कर्ज काढून सण, लग्न आणि तेरवी करू नका.

1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या तिशीच्या आत, देबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात मातीचं गाडगं आणि सोबत खराटा. लोक गाडगेबुवा म्हणू लागले आणि नाव तेच राहिलं.

आधी नाली, मग कीर्तन

बाबांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरलं की आधी रस्ता झाडायचा, नाल्या उपसायच्या. काम केल्याशिवाय भाकर घ्यायची नाही. रात्री त्याच गावात कीर्तन. कीर्तनात पोथीपेक्षा प्रश्न जास्त असायचे, तेही साध्या वऱ्हाडीत. देव, नवस, कोंबडं-बकरं, दारू, शिवाशिव, शाळा, सगळ्यावर ते लोकांनाच विचारायचे आणि उत्तरही लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. पाया पडायला आलेल्याला मात्र ते जवळ येऊ देत नसत.

त्या काळात नाली साफ करणं हे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम होतं. मोबदला तुटपुंजा आणि वर विटाळाचा शिक्का. बाबांनी ते काम भर दिवसा, सगळ्यांसमोर स्वतः केलं आणि पाटलापासून पोरापर्यंत सगळ्यांना सोबत घेतलं. सफाईचा भार एकाच टोलीवर टाकायचा नाही, हे त्यांनी भाषणाआधी हातानं दाखवलं.

पैसा कुठून आला?

पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला यात्रा भरायची. काठावरच्या चिखलातून उतरताना लोकांचे हाल व्हायचे. बाबांनी तिथं घाट बांधायला घेतला. मग मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू असं करत ठिकठिकाणी धर्मशाळा, सदावर्तं, गोरक्षण, शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली. स्वतःच्या नावावर झोपडीही न ठेवणाऱ्या माणसानं हे सगळं उभं केलं.

त्यांनी नियम लिहून ठेवले नाहीत, लिहिता येतच नव्हतं. पण कामांतून तीन गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली, ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं. व्यापाऱ्यांनी, सावकारांनी रक्कम दिली. ज्याच्याकडे रक्कम नव्हती त्यानं माती उचलली, दगड वाहिले.

दुसरी, कोणी किती दिलं यावरून कोणाला आत घ्यायचं हे ठरत नसे. पंढरपूरच्या वारीत तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना मुक्कामाला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. सदावर्तात आंधळे, पांगळे आणि महारोगी आधी जेवायचे. त्यांच्याकडून वर्गणी येण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरी, हिशेब स्वतःच्या घरापासून लांब ठेवायचा. प्रत्येक कामाचे विश्वस्त नेमले. स्वतःच्या बायकोमुलांचा त्यावर हक्क राहू दिला नाही, सदावर्तात फुकट जेवण्याचाही नाही. घरच्यांना हे जड गेलं असणार यात शंका नाही, आणि आज वाचतानाही ते कठोर वाटतं. पण त्यामुळे दिलेला पैसा कामालाच लागतो, यावर देणाऱ्यांचा भरवसा बसला.

1956 साली 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोन आठवड्यांत, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी शेवटचा श्वास घेतला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. 2000-01 मध्ये राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं आणि खराटा गावोगाव पोहोचला.

हिशेब अजून बाकी आहे

आता आपल्याकडे येऊ. स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबाला घरच्या संडासासाठी 12,000 रुपये मिळतात, पण बहुतेक वेळा काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे विटा, सिमेंट आणि मिस्त्रीची मजुरी आधी घरातून जाते. रोवणीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराकडे ही रक्कम बाजूला पडलेली नसते. मग उधारी होते, किंवा काम अर्धवट राहतं.

सांडपाण्याचंही तसंच. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्याच्या कामासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती, त्याहून मोठ्या गावाला माणशी 660 पर्यंत. यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. 3,000 वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर 8 लाख 40 हजार होतात. यात गल्लीतली कामं निघतील. पण मोरीपासून नालीपर्यंतचा पाइप आणि चेंबर घरमालकाच्या खिशातून करायचं ठरलं, तर ज्यांना जमत नाही त्यांचं पाणी रस्त्यावरच राहतं. आणि साचलेल्या पाण्यातला डास कोणी वर्गणी भरली हे बघून चावत नाही.

नवेगाव बांधच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी इथला तलाव बांधला. त्यांनाच लोक कोलासुर देव म्हणून मानतात. तलावाची पाळ एका जागी कमजोर राहिली तर पूर्ण तलावाला धोका असतो. नालीचंही तेच आहे. मधली दहा घरं सुटली तर बाकीच्या नव्वद घरांचा खर्चही अर्धा वाया जातो. म्हणून गरीब घराच्या जोडणीला मदत करणं म्हणजे उपकार नव्हे, तो नालीच्याच खर्चाचा भाग आहे.

मार्ग आहेत. जमिनीत पाणी मुरतं तिथं शोषखड्डा स्वस्त पडतो आणि तो रोजगार हमीतून घेता येतो, म्हणजे घरच्याच माणसाला मजुरी मिळते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून अशा घरांची जोडणी होऊ शकते का, हे ग्रामसभेत विचारता येतं. बाकीच्यांना हप्ते बांधून देता येतात. फक्त एक काळजी घ्यायची. गरिबानं श्रम द्यायचे आणि ऐपतवाल्यानं काहीच नाही, असं झालं तर ती बाबांची पद्धत नव्हे. त्यांच्याकडे दोघांनाही द्यावं लागायचं.

18 वर्षं पूर्ण झाली आणि गावच्या मतदारयादीत नाव लागलं की आपण ग्रामसभेचे सभासद असतो. वर्षातून किमान चार वेळा ती भरते. पुढच्या कॅम्पला झाडणं आहेच. सोबत एक वही घ्या, गल्लीतली कोणती घरं नालीला जोडलेली नाहीत आणि का नाहीत, हे घरोघरी विचारून लिहा. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. खर्च कोण किती उचलेल यावर बोलणं तिथूनच सुरू होईल.