वालचंद हिराचंद : सोलापूरचा पैसा, नीरेचं पाणी

वालचंद हिराचंद म्हटलं की जहाज, विमान, मोटार ही तीन नावं आपण धडाधड घेतो. पण त्यांच्याकडे पैसा कायम अपुरा असायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. तो लावायचा कुठे, ही नजर मात्र जबरदस्त होती.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, आपल्या सोलापुरातच. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. पैसा व्याजाने फिरवण्यात बुडायची भीती कमी, पण त्यात वालचंदांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट धरलं. पुढे बोरघाटातले बोगदेही खोदले.

आता गंमत बघा. कापूस आपला, पण तो परदेशी नेणारी जहाजं ब्रिटिशांची, म्हणजे भाडंही त्यांचंच. आज कोबाल्ट काँगोच्या खाणीतून निघतं आणि त्याचं शुद्धीकरण बहुतांश चीनमध्ये होतं, तसलाच प्रकार. १९१९ साली वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' बोट घेतली, सिंधिया कंपनी काढली आणि ५ एप्रिलला बोट लंडनकडे निघाली. व्यवहार म्हणाल तर तोट्याचा! ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली, १९२३ मध्ये 'लॉयल्टी' भंगारात गेली. त्याच साली झालेल्या करारात सिंधियाला परदेशी मार्ग सोडून किनाऱ्यापुरतं राहावं लागलं.

मला स्वतःला त्यांचं कळंबचं काम जास्त मोठं वाटतं. इंदापूर तालुक्यात नीरेचा डावा कालवा १८८५ पासून वाहत होता. पाणी होतं, जमीन होती, पण ऊस लावून कारखाना उभारण्याइतकं भांडवल शेतकऱ्याकडे कुठलं? परदेशी साखर स्वस्त, म्हणून मोठा पैसाही तिकडे वळत नव्हता. १९३२ साली सरकारने साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि हिशोब फिरला. वालचंद मात्र त्याआधीपासूनच शेतीत उतरले होते. कारखाना उभा राहिला, कळंबचं वालचंदनगर झालं. अर्थात जमीन एका कंपनीच्या हाती एकवटली, हेही खरंच. १९६१ च्या सीलिंग कायद्यानंतर ती मोठ्या प्रमाणात शेती महामंडळाकडे गेली.

१९४० मध्ये विमानाचा कारखाना त्यांनी मुंबईत न काढता बंगळुरात काढला. म्हैसूर संस्थानने जागा दिली, भांडवलातही वाटा उचलला, आणि शिवनसमुद्रची वीज गावात १९०५ पासूनच होती. दोन वर्षांतच, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीचंही १९५२ मध्ये तेच झालं.

१९४९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. वालचंदनगरात पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली, आणि नंतर इस्रोच्या रॉकेट मोटारींची आवरणंसुद्धा.